शिवी न देता ग्रुप रिकामा करणारे: प्रोग्रामिंग कम्युनिटीतल्या उपद्रवी सदस्यांना कसं आवरायचं

शिव्या देणाऱ्याला काढून टाकायला फारशी अक्कल लागत नाही. मेसेज समोर असतो, स्क्रीनशॉट निघतो, बॅनचं बटण दाबलं की विषय संपतो. वर चार जण आभारही मानतात. मॉडरेटरची कसोटी लागते ती वेगळ्याच माणसापाशी. हा माणूस कधी पातळी सोडत नाही. फक्त प्रत्येक थ्रेडमध्ये शेवटचा शब्द त्याचाच असतो. नवख्याने काही विचारलं की ‘डॉक्युमेंटेशन वाचलंत का?’ एवढंच लिहून मोकळा होतो. ठरून गेलेला निर्णय दर महिन्याला नव्याने उकरून काढतो. त्याच्या एकाही मेसेजवर बोट ठेवता येत नाही, आणि तरी त्याच्या नावापुढे ‘टाइप करत आहे’ असं दिसलं की लोक लॅपटॉप मिटतात.

हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. तुम्ही ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रोजेक्टचे मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारे असा, डिस्कॉर्ड-टेलिग्रामवरच्या ग्रुपचे ॲडमिन असा किंवा नुकतेच मॉडरेटर झालेले असा, कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

हिशेब कोणाचा मांडायचा

कारवाईचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘हा गेला तर आपलं केवढं नुकसान होईल?’ त्याचं काम दिसत असतं, म्हणून तोटाही मोठा वाटतो. त्याच्यामुळे जे गेले त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, कारण जाणारे दार आपटून जात नाहीत. ते फक्त लिहायचे थांबतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांचं मोठं सर्वेक्षण केलं होतं. त्यात १८ टक्के लोकांनी स्वतःला वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं, तर ५० टक्क्यांनी ती दुसऱ्याला मिळताना पाहिली होती. ज्यांनी असं काही सोसलं किंवा पाहिलं, त्यांपैकी २१ टक्क्यांनी एखाद्या प्रोजेक्टमधलं काम त्यापायी सोडून दिलं. म्हणजे ज्याला बोलणं बसतं तोच जातो असं नाही, शेजारी गप्प बसून वाचणाराही जातो.

त्यामुळे माणूस मनाने चांगला आहे की वाईट, या वादात पडूच नका. ते कळण्याचा मार्ग तुमच्याकडे नाही आणि त्याची गरजही नाही. त्याच्या वागण्याने इतरांचा किती वेळ आणि किती उत्साह खर्ची पडतो, एवढंच मोजा.

पहिली पायरी: नेमकं काय चाललंय ते ओळखा

‘टॉक्सिक’ असा शिक्का मारून उपाय सुचत नाही. प्रत्येक प्रकाराचं औषध वेगळं आहे.

आधी उपद्रवी नसलेल्यांना बाजूला काढा. पडद्याचा तिरका फोटो टाकणारा, एकच प्रश्न पाच चॅनेलवर विचारणारा, सगळ्यांना टॅग करणारा हा बहुतेक वेळा फक्त नवखा असतो. परक्या भाषेत लिहिणाऱ्याचं वाक्यही तुटक आणि म्हणून उर्मट वाटतं. एकदा नीट सांगून जो सुधारतो, त्याला या लेखातल्या पुढच्या पायऱ्या लागू नाहीत.

मग येतो हक्क गाजवणारा. ‘तीन आठवडे झाले, हा बग अजून तसाच? तुम्ही लोक करता तरी काय?’ कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी गिटहबवरच्या १०० विषारी चर्चा तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना सर्रास आढळली ती वापरकर्त्यांची हक्काची, मागणीची, तोऱ्याची भाषा. त्याशिवाय तांत्रिक मतभेदातून होणारे अपमान. असा माणूस बहुधा कामात अडकून वैतागलेला असतो. त्याच्या मेसेजचे दोन तुकडे करा. बग खरा असेल तर त्याची वेगळी नोंद करून त्यावर काम करा, आणि भाषेबद्दल एका ओळीत समज द्या. बग दुरुस्त झाला म्हणून भाषा माफ होत नाही आणि भाषा वाईट म्हणून बग खोटा ठरत नाही.

काथ्याकूट करणाऱ्याची गोष्ट वेगळी. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका काल्पनिक समितीचं उदाहरण दिलं होतं. ती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण शेडबद्दल प्रत्येकाला मत असतं. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी हेच उदाहरण आपल्या सहकाऱ्यांना ऐकवलं. वाद कशावर पेटला होता? ठरावीक वेळ थांबवणाऱ्या स्लीप या साध्या कमांडने सेकंदाचे अपूर्णांक स्वीकारावेत की नाही, यावर. तेव्हापासून प्रोग्रामरांच्या बोलण्यात ‘बाइकशेडिंग’ रुळलं. इथे माणसाला दटावण्यापेक्षा चर्चेला कुंपण घालणं जास्त उपयोगी. मत द्यायची शेवटची तारीख जाहीर करा, निर्णय कोण घेणार ते आधी सांगा, निर्णय कारणांसह लिहून ठेवा. तोच विषय पुन्हा निघाला तर एकच विचारा: ‘तेव्हा माहीत नव्हतं असं आज काय नवीन आहे?’ उत्तर नसेल तर थ्रेड बंद.

कचरा ओतणारे हा अलीकडे फोफावलेला प्रकार. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅकटोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टसाठी असंख्य लोकांनी प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द इकडचा तिकडे करून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल स्वीकारा’ अशा विनंत्यांचा पाऊस पाडला. शेवटी ज्या प्रोजेक्टने स्वतःहून सहभाग नोंदवला असेल त्याच्याच पुल रिक्वेस्ट मोजायच्या, असा नियम आयोजकांना महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात करावा लागला. आता तेच काम एआय करतं. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने रचलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांबद्दल जाहीरपणे संताप व्यक्त केला आहे. असा अहवाल लिहायला मिनिट लागतं आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला अनुभवी माणसाचा अर्धा दिवस जातो. इथे समजावत बसू नका. बग चालवून दाखवणारा छोटा कोड अहवालासोबत हवाच, असा नियम करा. नसेल तर न वाचता बंद करा.

एक प्रकार मात्र कायम ध्यानात ठेवा: दबाव आणणारा. एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीचे एकटे, थकलेले मेंटेनर लासे कॉलिन यांच्यामागे २०२२ मध्ये काही खाती हात धुऊन लागली होती. काम रेंगाळलंय, नवा मेंटेनर घ्या, असा त्यांचा धोशा होता. जिया तान या नावाच्या मदतनीसाच्या हाती पुढे प्रोजेक्टची सूत्रं आली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि त्या लायब्ररीत पेरलेलं चोरदार (बॅकडोअर) उघड झालं. ती तगादा लावणारी खातीही बनावट असावीत, असा दाट संशय आहे. म्हणून कोणी घाई करून अधिकार मागत असेल, तर आधी त्या खात्याचा इतिहास बघा. आणि छळाला कंटाळून कुणाच्याही हाती चाव्या देऊ नका.

दुसरी पायरी: भांडण होण्याआधी नियम लिहा

भांडण पेटल्यावर केलेला नियम हा त्या माणसाविरुद्धच केलाय असं वाटतं, आणि खरं तर तसंच असतं. नियम शून्यातून लिहायची गरज नाही. कोरालाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये तयार केलेला ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ हा आचारसंहितेचा नमुना अनेक प्रोजेक्ट वापरतात. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत कारवाईची चढती शिडीच दिली आहे: दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी.

गुळगुळीत नियमांचा काय उपयोग होतो ते लिनक्स कर्नलने (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रोजेक्टने) दाखवून दिलं. २०१५ मध्ये त्यांनी ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचं छोटं टिपण जोडलं. एकमेकांशी नीट वागा, एवढाच त्याचा सूर. सप्टेंबर २०१८ मध्ये ते काढून कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटवर आधारित आचारसंहिता आणावी लागली. त्याच सुमारास लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या ईमेलमधल्या जिव्हारी लागणाऱ्या भाषेबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली.

तुमच्या नियमांत निदान तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: काय चालणार नाही त्याची वागण्यातली उदाहरणं, तक्रार खासगीत कोणाकडे करायची, आणि ती तक्रार त्याच मॉडरेटरविरुद्ध असेल तर कोणाकडे. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते.

तिसरी पायरी: जिथे घडलं तिथेच, लगेच, थोडक्यात

मदत चॅनेलवर कोणी विचारतं: ‘पायथनमध्ये फॉर लूप चालू असताना लिस्टमधून घटक काढले तर काही घटक सुटून जातात. असं का?’ दोन मिनिटांत उत्तर येतं: ‘आधी बेसिक शिका. हे पहिल्या धड्यात असतं.’

बरेच मॉडरेटर इथे लिहितात, ‘कृपया सर्वांनी सौजन्य राखावं.’ यासारखं निरुपयोगी वाक्य नाही. ज्याला टोचायला हवं त्याला ते आपल्यासाठी आहे हे कळतही नाही, आणि बिचाऱ्या विचारणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. त्याऐवजी आधी प्रश्नाचं उत्तर द्या: ‘लूप चालू असताना घटक काढला की पुढचे सगळे एक जागा मागे सरकतात, पण लूप पुढच्या जागेवर गेलेला असतो, म्हणून एक सुटतो. लिस्टची प्रत घेऊन तिच्यावर लूप चालवा, किंवा हवे तेवढेच घटक घेऊन नवी लिस्ट बनवा.’ आणि मग दुसऱ्याला, नाव घेऊन: ‘‘बेसिक शिका’ अशी उत्तरं इथे चालत नाहीत. उत्तर द्यायचं नसेल तर प्रश्न सोडून द्या. यावर बोलायचं असेल तर मला डीएम (खासगी मेसेज) करा, इथे नको.’

एवढंच. व्याख्यान नको, टोमणा तर नकोच. थ्रेड वाचणाऱ्या इतर लोकांना इथे काय चालतं हे त्या तीन वाक्यांतून कळतं, आणि त्यांच्यासाठीच ती उघडपणे लिहायची असतात.

‘एका हाताने टाळी वाजत नाही’ म्हणून दोघांनाही सारखाच दम देण्याची सवय मात्र मोडा. वाजते एका हाताने. महिनाभर खोड काढणाऱ्याला आणि शेवटी वैतागून एकदा उलट बोलणाऱ्याला एकाच मापाने तोललं, तर दुसरा निघून जातो आणि पहिला राहतो.

चौथी पायरी: खासगीत, लेखी, मुद्द्याचं

दुसऱ्यांदा तेच झालं की डीएम करा. आवाजी कॉलवर समजूत घालायचा मोह होतो, पण लेखी बरं. काय ठरलं यावरून पुढे वाद होत नाही. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. मंगळवारी मदत चॅनेलवर तुम्ही दोन नव्या सदस्यांना ‘हे जमत नसेल तर दुसरं काही करा’ असं लिहिलंत. दोन्ही मेसेजच्या लिंक खाली आहेत. त्यानंतर दोघांनीही तिथे काही लिहिलेलं नाही. हे आपल्या तिसऱ्या नियमाविरुद्ध आहे. यापुढे उत्तर दिलंत तर प्रश्नाबद्दल लिहा, विचारणाऱ्याबद्दल नको. पुन्हा असं झालं तर सात दिवस तुम्हाला इथे लिहिता येणार नाही. हे आम्ही दोन मॉडरेटरांनी मिळून ठरवलं आहे. आमच्याकडून काही पाहायचं राहिलं असेल तर जरूर सांगा.’

काय घडलं, कुठे घडलं, परिणाम काय झाला, काय अपेक्षित आहे, नाही झालं तर काय. ‘तुम्ही उद्धट आहात’ असं कुठेही नाही. ‘तुमचं योगदान खूप मोलाचं आहे, पण’ अशी साखरही नाही. साखर लावली की माणूस साखरच लक्षात ठेवतो.

उत्तर तीनपैकी एका प्रकारचं येतं. कोणी ‘लक्षात आलं नाही, सॉरी’ म्हणतं, तिथे विषय संपवा आणि पुन्हा काढू नका. कोणी ‘आणि तो अमुक काय करत होता ते दिसलं नाही?’ असं विचारतं. त्याला सांगा, त्याच्याबद्दल वेगळी तक्रार करा, आम्ही बघू. आत्ता तुमच्याबद्दल बोलतोय. तिसरा नियमाच्या शब्दाशब्दाचा कीस पाडतो: ‘‘अपमान’ याची व्याख्या कुठे दिली आहे?’ त्याला एकदा उत्तर द्या, दुसऱ्यांदा ‘निर्णय कळवला आहे’ एवढंच लिहा, तिसऱ्यांदा लिहूच नका. त्याच्याकडे वेळ भरपूर असतो, तुमच्याकडे नसतो.

सोबत मॉडरेटरांच्या खासगी जागेत नोंद ठेवा: तारीख, लिंक, स्क्रीनशॉट, काय कळवलं, कोणी कळवलं. मेसेज नंतर पुसले जातात, म्हणून स्क्रीनशॉट आधी. नोंदीत फक्त घडलेलं लिहा. ‘हा माणूस डोक्यात जातो’ असली वाक्यं एक दिवस बाहेर येतात.

पाचवी पायरी: बॅनच्या आधीची हत्यारं

मेसेज आणि बॅन यांच्या मधे बरंच काही असतं, लोक ते वापरत नाहीत. गिटहबवर थ्रेड ‘लॉक’ करता येतो. मग लिहिण्याचा अधिकार असलेले सहकारीच तिथे बोलू शकतात. एखादी कमेंट विषयाबाहेरची किंवा अपमानकारक म्हणून झाकता येते. बाहेरून झुंडच आली तर रिपॉझिटरीवर (प्रोजेक्टचा कोड असलेल्या जागेवर) नव्यांचा सहभाग २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत मर्यादित ठेवता येतो. डिस्कॉर्डवर एका मिनिटापासून आठवड्यापर्यंतचा टाइमआउट (तेवढा वेळ लिहायला बंदी) मिळतो, शिवाय स्लो मोड, म्हणजे दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर. भांडण तापलेलं असताना स्लो मोड हा माझा आवडता उपाय. कोणाचं तोंड बंद होत नाही, पण दोन मेसेजमध्ये पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं की निम्मे लोक दुसरीकडे वळतात. डिस्कोर्स या चर्चा-मंचाच्या सॉफ्टवेअरवर शून्य ते चार अशा विश्वासाच्या पातळ्या असतात आणि नव्या खात्याला आपोआप मोजकेच अधिकार मिळतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर निलंबनाच्या काळात सदस्याचे गुण १ दिसतात. मुदत संपली की परत येतात. ते थोडं बोचणारं आहे, पण शिक्षेला शेवट आहे हे सगळ्यांना दिसतं.

शॅडोबॅन, म्हणजे त्याचे मेसेज फक्त त्यालाच दिसणं, स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांसाठी ठीक. माणसासाठी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाला सुधारायचं कारणच कळत नाही, आणि हे उघड झालं की बाकीचेही आपले मेसेज दिसतात का ते तपासायला लागतात.

सहावी पायरी: बॅन

धमकी, लैंगिक छळ, कोणाचा पत्ता किंवा फोन उघड करणं, पॅकेजमध्ये मुद्दाम घातक कोड घालणं, या बाबतीत वरची एकही पायरी चढायची नाही. पुरावा जपा, लगेच बॅन करा, प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. ज्याला धमकी आली त्याला पोलिसांकडे जायचं असेल तर पुरावा त्याच्या हाती द्या.

बाकी प्रकरणांत निदान दोन मॉडरेटरांचं एकमत झाल्यावर बॅन करा, आणि त्या वेळी तुमच्यातलं कोणीतरी ऑनलाइन राहील अशी वेळ निवडा. बॅननंतरचे काही तास गोंधळाचे असतात. समर्थक विचारायला येतात, तोच माणूस नव्या खात्याने येतो. नवं खातं त्याचंच आहे हे बोलण्याच्या धाटणीवरून वाटत असेल तर जाहीर आरोप करू नका. नव्या खात्याचं वागणंच बघा. वागणं तेच असेल तर ओळख पटवायची गरज उरत नाही. सभासदांना कळवताना दोन ओळी पुरेत: ‘वारंवार ताकीद देऊनही नियमभंग सुरू राहिल्याने एका सदस्याला तीन महिन्यांसाठी बाहेर ठेवलं आहे. प्रश्न असतील तर मॉडरेटरांना खासगीत विचारा.’ तपशील उघड केले की ग्रुपचं कोर्ट होतं.

हुशार आहे, पण

सगळ्यात रेंगाळणारा निर्णय हाच. बिल्ड सिस्टिम (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारी यंत्रणा) फक्त त्यालाच कळते, रात्री दोनला सर्व्हर पडला तर तोच उठतो, आणि कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, तोच लिहितो, ‘हे लिहिताना डोकं घरी ठेवलं होतं का?’ प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतं, ‘त्याचा स्वभावच तसा आहे.’

स्वभावाला हात लावू नका, अवलंबित्व कमी करा. त्याच्या एकट्याच्या डोक्यात काय काय आहे याची यादी करा: पासवर्ड, रिलीजची प्रक्रिया, डोमेनची मालकी, न लिहिलेली माहिती. ती एकेक करून कागदावर आणि दुसऱ्या दोघांच्या हाती आणा. हे शिस्तीचं काम म्हणून करा, त्यालाही उघड सांगून करा. एकाच माणसावर प्रोजेक्ट टांगलेला असणं एरवीही वाईटच. यादी संपेपर्यंत चौथी पायरी लांबवू मात्र नका. रिव्ह्यूसाठी नियम सांगा: कमेंट कोडवर आणि सोबत पर्याय. ‘डोकं घरी ठेवलं होतं का’च्या जागी ‘इथे फाइल रिकामी असेल तर फंक्शन कोसळेल, आधी तपासणी घाला’. विशेष म्हणजे असे बरेच जण हा नियम सहज पाळतात, कारण तो नेमका असतो. जे पाळत नाहीत, त्यांचे रिव्ह्यूचे अधिकार काढा आणि कोड लिहिण्याचे राहू द्या. अर्धी बंदी हाही पर्याय आहे, हे फार कमी लोकांना सुचतं.

मॉडरेटरांवर कोण

नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या संपूर्ण मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं होतं की कोअर टीम (प्रोजेक्टचं नेतृत्व करणारा गट) स्वतःला कोणालाही उत्तरदायी मानत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत नियम लागू करणं शक्यच नाही. नियम संस्थापकालाही लागू आहेत, हे तुमच्या आचारसंहितेत लिहिलेलं नसेल तर आजच लिहा. ज्याच्याशी तुमची मैत्री किंवा वैर आहे त्याच्या प्रकरणातून बाजूला व्हा. अपील ऐकणारा माणूस मूळ निर्णयातला नसावा. पाळ्या लावा, महिनोन्‌महिने तक्रारी वाचणारा माणूस एकतर सगळ्यांवर खेकसायला लागतो किंवा काहीच बघेनासा होतो.

मुदत संपून परत येणाऱ्याला आल्या दिवशी एक छोटा मेसेज पाठवा: कुठल्या नियमासाठी थांबवलं होतं, तो नियम अजूनही आहे, बाकी पाटी कोरी. त्याच्या पहिल्या चुकीवर टपून बसू नका. आणि कोणी थ्रेडमध्ये ‘हा तर बॅन झालेला ना?’ असं उकरायला लागलं, तर त्या उकरणाऱ्याला तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.